पीडीएमएस चिप: गळतीचं मूळ बहुतेकदा प्लाझ्मात नसतं

पीडीएमएस म्हणजे पारदर्शक सिलिकॉन रबर. त्याची चिप म्हणजे केसाएवढ्या बारीक चॅनलमधून द्रव वाहून नेणारा, काचेवर चिकटवलेला तुकडा. तिच्यातून द्रव गळाला की विद्यार्थी आधी प्लाझ्मा यंत्राकडे, म्हणजे चिकटवण्याआधी पृष्ठभाग तयार करणाऱ्या यंत्राकडे, बोट दाखवतात. मी मात्र आधी साचा, मग पंच आणि मग हातमोजे बघते.

साचा एसयू-8 2050 चा, म्हणजे सिलिकॉनच्या चकतीवर (वेफरवर) प्रकाशाने घट्ट होणाऱ्या रेझिनचा. 3000 आरपीएमला फिरवला की थर साधारण 50 मायक्रॉनचा बसतो. बेक झाल्यावर वेफर हॉटप्लेटवरून थेट थंड फरशीवर ठेवायची नाही, थराला भेगा पडतात. डेव्हलप करून (न घट्ट झालेलं रेझिन धुऊन) आयपीए, म्हणजे आयसोप्रोपिल अल्कोहोल, मारल्यावर पांढरट साय दिसली, तर काम अर्धवट आहे. पुन्हा डेव्हलपरमध्ये टाका. नंतर रबर साच्याला चिकटू नये म्हणून सिलेन या रसायनाची वाफ द्यायची, पण वेगळ्या डेसिकेटरमध्ये (निर्वात करता येणाऱ्या भांड्यात). पीडीएमएसमधली हवा काढायच्या डेसिकेटरमध्ये सिलेन शिरला की पुढे चिप चिकटायला नकार देते आणि कारण काही केल्या सापडत नाही.

सिलगार्ड 184, म्हणजे पीडीएमएसचा दोन भागांचा संच, त्याचं प्रमाण 10 भाग बेसला 1 भाग क्युरिंग एजंट, तेही वजनानेच. 4 इंची वेफरभोवती घट्ट फॉइलची वाटी केली, तर 33 ग्रॅममध्ये सुमारे 4 मिमी जाडी येते. मिश्रण बुडबुड्यांनी दुधाळ होईपर्यंत घोटायचं, मग अर्धा-पाऊण तास निर्वात. लेटेक्सचे हातमोजे नकोतच. त्यातलं गंधक प्लॅटिनम उत्प्रेरकाला मारतं आणि रबर कितीही तापवलं तरी चिकटच राहतं. नायट्राइलचे वापरा.

साच्यावर ओतून 70 अंशांवर दोन तासांनी सोलून घ्यायचं. द्रव आत-बाहेर जाण्याची भोकं चॅनलच्या बाजूने, धारदार पंचने, सरळ खाली दाबून. बोथट पंच कडा फाडतो, आणि दाब वाढला की गळती तिथूनच सुरू होते. आतला रबराचा खिळा निघाला का, हे मायक्रोस्कोपखाली बघा. मग सेलोटेपने धूळ काढा.

ऑक्सिजन प्लाझ्मा 30 ते 60 सेकंद. जास्त दिला तर पृष्ठभाग ठिसूळ काचेसारखा होतो आणि बारीक तडे जातात. बाहेर काढताच काचेवर टेकवायचं, नंतर 80 अंशांवर 10 मिनिटं. पृष्ठभाग काही तासांत पुन्हा पाणी झिडकारू लागतो, म्हणून चॅनल लगेच भरून ठेवते.

पेशी घालण्याआधी एक गणित करा. 50 बाय 100 मायक्रॉनचा, 1 सेंमी लांबीचा चॅनल म्हणजे अवघे 50 नॅनोलिटर. पीडीएमएसमधून वाफ निसटते, तेवढ्याशा माध्यमातलं (पेशींच्या पोषक द्रवातलं) मिठाचं प्रमाण वाढतं आणि पेशी मरतात. दोष मात्र पेशींच्या बॅचला! चिप ओल्या टिश्यूसोबत झाकलेल्या डिशमध्ये ठेवा. माध्यम आधीच 37 अंशांवर आणा, नाहीतर थंड द्रवातली विरघळलेली हवा इन्क्युबेटरमध्ये बुडबुडे होऊन पेशी उखडते.

औषधाची चाचणी असेल, तर तेलकट स्वभावाचे छोटे रेणू पीडीएमएस स्वतःतच शोषून घेतं. तेव्हा बाहेर पडणाऱ्या द्रवातली मात्रा मोजल्याशिवाय डोसचा आलेख मी मान्य करत नाही.