तुम्ही विचारलंत म्हणून: मार्सेलिसचा सँ-व्हिक्तोर मठ आणि त्याचं तळघर

फ्रान्सला निघालेला मराठी माणूस मार्सेलिसला वाट वाकडी करून जातो, त्याचं कारण बहुधा एकच असतं. ८ जुलै १९१० ला 'मोरिया' बोटीवरून सावरकरांनी घेतलेली उडी. त्यामुळे मला येणारा प्रश्नही ठरल्यासारखा असतो. "बंदर बघणार आहोत, डोंगरावरचं नोत्र-दाम द ला गार्दही यादीत आहे. वाटेत किल्ल्यासारखा एक जुना मठ लागतो म्हणे, त्याच्या खाली तळघर आहे. त्यासाठी वेळ काढावा का? आणि काढला तर तिथे नेमकं बघायचं काय?"

वेळ काढावा, आणि चांगला दीड तास काढावा. इ.स.पू. ६०० च्या सुमारास आशिया मायनरमधल्या फोसियाच्या ग्रीक दर्यावर्दींनी मार्सेलिस वसवलं. फ्रान्समधलं हे सगळ्यात जुनं शहर. पण शहरात हिंडताना त्या काळातलं उभं असं फार थोडं दिसतं. सँ-व्हिक्तोरच्या तळघरात मात्र ग्रीक काळातल्या दगडखाणीपासून मध्ययुगापर्यंतचा काळ एकाच छताखाली हाताच्या अंतरावर येतो. तिथून निराश होऊन परतणारे लोक दहा मिनिटांत वर आलेले असतात. आपण कशात उभे आहोत हे त्यांना कुणी आधी सांगितलेलंच नसतं.

ते आधी सांगतो. बंदराच्या दक्षिणेच्या या उतारावर पूर्वी दगडाची खाण होती. खाण बंद पडली आणि तिथे माणसं पुरायला लागले. रोमन काळात गावाच्या वेशीच्या आत दफन करायला मनाई होती आणि ही जागा गावाबाहेर, पाण्यापलीकडे होती, त्यामुळे दफनभूमीला सोयीची. ख्रिस्ती परंपरा सांगते की इ.स. ३०३-३०४ च्या सुमारास व्हिक्तोर नावाच्या रोमन सैनिकाने देवतांना बळी द्यायला नकार दिला, म्हणून त्याला जात्याखाली चिरडून मारलं आणि इथे पुरलं. हुतात्म्याच्या थडग्याशेजारी आपलंही थडगं असावं असं भाविकांना वाटू लागलं आणि थडग्यांची दाटी झाली. पाचव्या शतकात त्यावर प्रार्थनास्थळ उभं राहिलं. मठाच्या स्थापनेचं श्रेय परंपरेने योहान कासियानला जातं. इजिप्तच्या वाळवंटातल्या साधूंसोबत राहून आलेला हा संन्यासी ४१५ च्या सुमारास मार्सेलिसला पोचला. त्याने मार्सेलिसमध्ये मठ काढले हे नक्की, पण त्यातला एक म्हणजे हीच जागा का, याबद्दल पुरातत्त्ववाल्यांना शंका आहे. तिथे गेल्यावर 'कासियानचा मठ' असं ठामपणे कानावर येईल, तेव्हा हे लक्षात असू द्या.

सारासेन, म्हणजे मुसलमान चढाईखोरांच्या हल्ल्यांत मठ उद्ध्वस्त झाला. दहाव्या शतकाच्या उत्तरार्धात बेनेडिक्ट पंथाच्या साधूंनी तो पुन्हा उभा केला, आणि अकराव्या व तेराव्या शतकांत जुन्या बांधकामाच्या डोक्यावर नवं चर्च चढवलं. म्हणजे आज आपण ज्याला तळघर म्हणतो, ते साठवणीसाठी खणलेलं भुयार नाही. ते पाचव्या शतकातलं पवित्रस्थान आहे, वरच्या चर्चमुळे जमिनीखाली गेलेलं. खाली उतरताना एवढं एक लक्षात ठेवलंत तरी निम्मी गोष्ट आपोआप कळते.

आता पोचायचं कसं. सँ-शार्ल रेल्वे स्टेशनवरून मेट्रोची पहिली लाइन धरा, दुसरं स्टेशन व्हिय-पोर, म्हणजे जुनं बंदर. तिथून धक्क्याच्या दक्षिण बाजूने, के द रीव्ह-नव्हवरून, पाणी उजव्या हाताला ठेवून चालत राहायचं आणि शेवटी डावीकडे चढ चढायचा. पंधरा-वीस मिनिटं पुरतात. चढ आहे, पण छोटा आहे. पलीकडच्या काठावर, नगरपालिकेच्या इमारतीपाशी असाल, तर बंदर ओलांडून देणारी छोटी फेरीबोट घ्या. पाच मिनिटांत दक्षिण काठाला लागता. नोत्र-दाम द ला गार्दला जाणारी ६० नंबरची बस जुन्या बंदरावरून सुटते आणि मठाशी थांबते. ज्यांचे गुडघे दुखतात त्यांनी आधी बसने डोंगरावर जावं आणि उतरताना मठापाशी उतरावं.

क्रूझने येणाऱ्यांनी एक हिशेब आधीच करावा. मोठ्या बोटी जुन्या बंदरात येत नाहीत, उत्तरेला खूप लांब, नव्या गोदीत लागतात. आगबोटींच्या काळातली जोलियेतची गोदीसुद्धा जुन्या बंदराच्या उत्तरेलाच आहे. सावरकरांच्या आठवणीने उत्तरेला जायचं आणि मठासाठी दक्षिणेला यायचं, तर एका सकाळीत दोन्ही बसतं, पण मग डोंगरावरचं चर्च सोडावं लागतं. बोटीपासून शहरात यायला आणि परत जायला प्रत्येकी तासभर धरा. हा तास न धरल्यामुळेच लोकांचं तळघर राहून जातं.

मठाशी पोचल्यावर लगेच आत शिरू नका. बाहेरून तो देवळापेक्षा गढी वाटतो: जाड भिंती, वरच्या कडेला दंतुर कठडे, लहान खिडक्या, चौकोनी बुरूज. ही तटबंदी चौदाव्या शतकातली. गियोम द ग्रिमोआर १३६१ मध्ये इथला मठाधिपती झाला, पुढच्याच वर्षी आव्हिन्योंमध्ये (पोपांचं ठाणं तेव्हा तिथे होतं) पाचवा उर्बन म्हणून पोप झाला, आणि आपल्या मठाला त्याने भक्कम संरक्षण दिलं. बंदराच्या तोंडाशी असलेली जागा, समुद्रावरून कधी काय येईल सांगता येत नाही, हे त्यामागचं साधं कारण. १३७० मध्ये तो वारला, पुढे त्याचा देह इथेच आणून पुरला. फ्रेंच राज्यक्रांतीच्या काळात मठाच्या राहत्या इमारती पाडल्या गेल्या, चर्चचं कोठार आणि तुरुंग झाला. तुम्हाला दिसतं ते एका मोठ्या मठाचं फक्त चर्च आहे. अंगण, साधूंच्या खोल्या, भोजनगृह यातलं काही शोधत बसू नका.

प्रवेश बाजूने, इझार्न या अकराव्या शतकातल्या मठाधिपतीच्या नावाच्या बुरुजाखालच्या देवडीतून आहे. इथे मान वर करून छत बघा. दगडाच्या जाड पट्ट्या एकमेकींना छेदून जातात, ते दक्षिण फ्रान्समधल्या अशा छतांपैकी जुनं काम आहे. वरचं चर्च तेराव्या शतकातलं, साधं आणि भारदस्त. त्यात शोधून बघण्यासारखी एक वस्तू म्हणजे बाजूच्या चॅपलमधला (छोट्या प्रार्थनागृहातला) पाचव्या शतकातला संगमरवरी वेदीचा फलक. त्याच्या कडेवर एका बाजूला कबुतरांची ओळ आहे आणि दुसऱ्या बाजूला मेंढरांची, दोन्ही मध्याकडे चालत येणारी. कोरीव काम बोटभर उंचीचं आहे, म्हणून वाकून, बाजूने बघावं लागतं. समोरून बघितलं तर नुसती खरबरीत कड दिसते.

चर्चमध्ये जायला पैसे पडत नाहीत. तळघराला थोड्या युरोंचं तिकीट आहे, ते आतच मिळतं. सुटी नाणी खिशात ठेवा. रविवारी सकाळी आणि मिस्सा (चर्चमधली सामुदायिक उपासना) चालू असताना जाऊ नका. हे चालतं चर्च आहे, त्या वेळी पर्यटकांना खाली सोडत नाहीत आणि ते रास्तच आहे. लग्न किंवा अंत्यविधी असेल तरी तेच. आठवड्यातल्या दिवशी सकाळी, चर्च उघडल्यानंतरचा पहिला तास सर्वांत बरा.

खाली उतरताना तीन गोष्टी सांभाळायच्या. पायऱ्या झिजलेल्या आहेत आणि हवा दमट, त्यामुळे गुळगुळीत तळव्याचे बूट घसरतात. जमीन सपाट नाही, मध्येच एखादी पायरी येते. चाकाची खुर्ची किंवा बाबागाडी खाली जाणं अवघड, लहान मूल असेल तर कडेवर घ्यावं लागेल. आणि उन्हाळ्यात बाहेर कितीही तापलेलं असलं तरी खाली गारवा असतो, घामेजल्या अंगाने जाऊ नका, एखादी ओढणी किंवा पातळ जाकीट जवळ असू द्या.

उतरल्यावर तीन-चार मिनिटं एका जागी उभं राहा. मोबाइलचा टॉर्च लावू नका. बाहेरच्या लख्ख उजेडातून आलेल्या डोळ्यांना आधी फक्त काळोख दिसतो, मग भिंती उमटायला लागतात. टॉर्च लावला की डोळे पुन्हा पहिल्यापासून सुरू करतात, शिवाय समोरून झगझगीत उजेड पडला की उठावाचं कोरीव काम सपाट दिसतं. तिथले दिवे तिरपे लावलेले असतात, त्यांच्याच उजेडात बघा.

पहिल्यांदा भिंती बघा, शवपेट्या नंतर. काही ठिकाणी भिंत बांधलेली नाही, तो नैसर्गिक खडक आहे, जुन्या खाणीचा कडा. खडकात कोरलेली थडगी आणि त्यांच्याभोवती बांधत नेलेलं चॅपल असं नोत्र-दाम द कॉन्फेसियोंच्या भागात दिसतं. सगळ्या वास्तूचं मूळ ते आहे. इथे निदान दहा मिनिटं द्या. खडक कुठे संपतो आणि चिरेबंदी कुठे सुरू होते ती रेघ शोधली की खाण, स्मशान आणि चर्च यांचा क्रम डोळ्यांसमोर उभा राहतो.

त्यापुढचा चौकोनी मोकळा भाग म्हणजे पाचव्या शतकातला चौक. इथल्या कमानींना आज साधे दगडी खांब आहेत. मूळचे रोमन काळातले स्तंभ एकोणिसाव्या शतकाच्या सुरुवातीला काढून शहराच्या शोभेसाठी नेले गेले. त्यातला एक आजही बघता येतो: बंदरापासून जवळच, र्‍यू दोबान्यवर, होमरचा अर्धपुतळा ज्याच्या माथ्यावर आहे तो स्तंभ. तळघर बघितल्यावर तिकडे जरूर जा, चौकाची मूळ उंची आणि डौल त्यावरून कळतो. चौकातल्या एका कमानीच्या पोटाशी मोझेकचा छोटा तुकडा टिकलाय, पानाफुलांची नक्षी. कमानीखाली उभं राहून सरळ वर बघितलं तरच तो दिसतो, त्यामुळे चालत निघून गेलेल्या बहुतेकांना त्याचा पत्ताही लागत नाही.

आता शवपेट्या. चौथ्या-पाचव्या शतकातल्या आहेत, काही संगमरवरी, काही चुनखडीच्या. दर्शनी बाजू वाचायची रीत सोपी आहे. आधी मधली आकृती शोधा, ती बहुधा ख्रिस्ताची असते. मग दोन्ही बाजूंना खांबांनी किंवा कमानींनी पाडलेले कप्पे मोजा, त्यात प्रेषित उभे असतात. हातातली गुंडाळी, उगारलेला हात, पायाशी मेंढरू किंवा टोपली यांवरून प्रसंग ओळखू येतो. काहींवर माणसंच नाहीत, फक्त नागमोडी पन्हळी आहेत. ते अर्धवट राहिलेलं काम नव्हे, ती रोमन शवपेट्यांची ठरलेली नक्षी. पेटीवर एखाद्या संताचं नाव लावलेलं दिसलं तर त्या संतासाठीच ती घडवली असं समजू नका. मध्ययुगात जुन्या पेट्या संतांचे अवशेष ठेवायला पुन्हा वापरल्या गेल्या आणि नावं नंतर चिकटली. फोडलेली कड, कोरलेलं भोक, न जुळणारं झाकण ही त्या दुसऱ्या वापराची चिन्हं.

अशा पुनर्वापराचं सगळ्यात सुंदर उदाहरण मठाधिपती इझार्नची समाधिशिला. तो १०४७ मध्ये वारला. शिळेच्या वरच्या टोकाला त्याचं डोकं, खालच्या टोकाला पावलं, आणि मधलं सगळं शरीर लेखाच्या फलकाखाली झाकलेलं. पांघरुणाच्या जागी अक्षरं आहेत असं म्हणता येईल. लॅटिन येत नसलं तरी अक्षरांची दाटी, एकमेकांत बसवलेली वळणं बघत राहावीत. ही शिळा एका रोमन शवपेटीच्या दगडातून काढलेली आहे. अकराव्या शतकातलं इतकं धीट शिल्प क्वचित बघायला मिळतं.

तळघरात मेरीची काळ्या रंगाची मूर्तीही असते, नोत्र-दाम द कॉन्फेसियों, अक्रोडाच्या लाकडातली. २ फेब्रुवारीला तिचा मोठा सण असतो, शांदलर. तुमचा दौरा हिवाळ्यात असेल तर तारखा त्याप्रमाणे जुळवा. पहाटे पाचच्या सुमारास जुन्या बंदरावर लोक जमतात, शुभवर्तमानाचा ग्रंथ बोटीने येतो आणि मिरवणूक चढ चढून मठाशी जाते. मूर्तीला हिरवा झगा असतो, भाविकांच्या हातात हिरव्या मेणबत्त्या. त्या घरी नेऊन वर्षभर जपतात. मिस्साला जागा हवी तर मिरवणुकीच्या पुढे राहा, मागे राहिलात तर दाराबाहेरच थांबावं लागेल. त्या दिवसांत तळघर मात्र निवांत बघता येत नाही, त्यासाठी वेगळा दिवस ठेवा.

मिस्सानंतर आर्चबिशप शेजारच्या र्‍यू सँतवरच्या भट्टीला आशीर्वाद देतात. ही भट्टी १७८१ पासूनची आहे आणि तिथे नाव्हेत मिळतात: होडीच्या आकाराची, मधोमध चीर दिलेली, संत्र्याच्या फुलांच्या अर्काची कडक बिस्किटं. वर्षभर कधीही मिळतात, डझनावर विकतात. भारतात न्यायला उत्तम, कारण कोरडी असल्यामुळे लवकर खराब होत नाहीत. दात सांभाळा. आजी-आजोबांसाठी नेत असाल तर चहात बुडवून खायला सांगा.