दोनच भोकांचा मीटर

दसरा, २ ऑक्टोबर २०२५, रात्रीचे साडेअकरा

सगळे झोपले, आता जरा लिहायला बसलेय. काल खंडेनवमीला पाटावर यांची सगळी हत्यारं मांडली होती, पक्कड, दोन स्क्रू ड्रायव्हर, टेस्टर, ड्रिल मशीन, सोल्डरिंगची गन आणि व्होल्ट, अँपिअर, ओहम मोजायचा तो पिवळा मल्टीमीटर, चिकटपट्टी लावलेला. मी आदल्या रात्रीच नवीन मीटरचा बॉक्स झेंडूच्या ढिगाखाली सरकवून ठेवला होता. हे हळदकुंकू वाहता वाहता तिथपर्यंत आले, फुलं बाजूला केली आणि हात तसाच राहिला. "अगं हे काय?" म्हणाले. मी म्हणलं आधी कुंकू लावा. एवढंच बोलले मी, पण दोन महिने जे पोटात होतं ते उतरल्यासारखं वाटलं.

दोन महिने म्हणजे जुलैपासून. त्या आठवड्यात यांनी लेकीच्या स्कूटीची बॅटरी काढून चार्जिंगला लावली होती आणि करंट किती जातोय ते बघायला मीटरची लाल वायर दहा अँपिअरच्या भोकात घातली होती. काम झालं, मीटर कपाटात गेला, वायर तशीच त्या भोकात. दोन दिवसांनी गिझर तापेना म्हणून सकाळी ऑफिसच्या आधी घाईत तोच मीटर काढला, चकती व्होल्टवर फिरवली आणि दोन्ही टोकं प्लगमध्ये घातली. मी चहा गाळत होते. फाट्कन आवाज झाला, बाथरूमच्या दारात निळापांढरा उजेड आला आणि घरातला पंखा थांबला. मी धावले तर हे उभे होते, हात झटकत, आणि खाली पडलेल्या लाल वायरच्या टोकाचं पितळ वितळून गोळा झालेलं होतं, मटारच्या दाण्याएवढं. प्लगच्या एका भोकाभोवती काळा डाग. बोटाला काही झालं नाही, शॉर्ट झाल्यावर लाइन तोडणारा एमसीबीचा स्विच पडला म्हणून वाचलं.

नंतर यांनीच समजावून सांगितलं की व्होल्ट मोजताना मीटर मधून जवळजवळ काही जाऊच देत नाही, पण वायर अँपिअरच्या भोकात असली की मग मीटर म्हणजे नुसती तारच, चकती कुठेही फिरवा काही फरक पडत नाही, म्हणजे आपण आपल्या हाताने फेज आणि न्यूट्रल तारेने जोडल्यासारखं. आणि त्या भोकापाशी बारीक अक्षरात छापलेलं होतं, अनफ्यूज्ड. फ्यूजच नाही. नऊ-दहा वर्षं हा मीटर घरात आहे आणि तो शब्द मी त्या दिवशी पहिल्यांदा वाचला.

मी म्हणलं नवीन घ्या. तर म्हणाले चालतोय की अजून, माझीच चूक होती, मीटरची काय. वायरी तेवढ्या नवीन आणल्या. हे असेच आहेत, बिल्डिंगमधल्या सगळ्यांच्या इस्त्र्या, मिक्सर, पंखे बघतात, कुणाकडून पैसे घेत नाहीत, आणि स्वतःसाठी दोनशे रुपयाचा मीटर. तळमजल्यावरच्या आजींना फ्रिजला हात लावला की झिणझिण्या यायच्या, दोन माणसं येऊन बघून गेली होती, यांनी त्याच पिवळ्या मीटरने फ्रिजचा पत्रा आणि अर्थच्या मध्ये मोजलं तर शंभराच्या आसपास व्होल्ट, मग प्लग उघडला तर अर्थची वायर आतून तुटलेली. पाच मिनिटांचं काम. आजी अजून प्रत्येक सणाला डबा पाठवतात.

तर ऑगस्टमध्ये भिशी लागली आणि मी ठरवलं की मीटरच घ्यायचा. पण कुठला, ते मला काही कळत नव्हतं. ऑनलाइन बघितलं तर शंभर मीटर, सगळ्यांवर सगळं लिहिलेलं, सहा हजार काउंट, ऑटोरेंज, ट्रू आरएमएस, तापमान, ब्लूटूथ. शेवटी नाशिकला बाबांना फोन लावला. बाबा सातपूरला कंपनीत मेंटेनन्सला होते, आयटीआयचे इलेक्ट्रिशियन. नाशिकच्या लोकांना मीटरचं वेगळं काही वाटत नाही कारण तिथे ते बनतातच, नाशिक रोडला मोटवाने आणि सातपूरला ऋषभ, आमच्या कॉलनीतल्या दोन-तीन घरात त्या नोकऱ्या होत्या. बाबांचा स्वतःचा मीटर काट्याचा होता. काट्याच्या मागे आरशाची बारीक पट्टी असायची आणि मला लहानपणी वाटायचं ती शोभेसाठी आहे. बाबा मला मांडीवर घेऊन दाखवायचे, काटा आणि त्याची आरशातली सावली एकमेकांवर आली पाहिजे, सावली दिसेनाशी झाली की मगच आकडा वाचायचा, नाहीतर डोळा तिरका पडतो नि आकडा चुकतो. ओहमचा शून्य उजवीकडे असायचा, उलटा, आणि दरवेळी दोन टोकं जोडून गोल बटण फिरवून काटा शून्यावर आणायचा. ते बटण फिरवायचं काम माझं. बाबा त्याला मीटर कधी म्हणायचे नाहीत, ॲव्हो म्हणायचे. अँपिअर, व्होल्ट, ओहम. ब्रिटनच्या पोस्ट खात्यातल्या डोनाल्ड मॅकेडी नावाच्या इंजिनिअरला तीन वेगळी यंत्रं घेऊन फिरायचा कंटाळा आला म्हणून त्याने तिन्ही एकात आणली, १९२३ साली बाजारात आला तो, असं बाबांनी मला चौथीत असताना सांगितलं होतं नि ते अजून लक्षात आहे.

जुलैचं सगळं ऐकल्यावर बाबा थोडा वेळ गप्प बसले. मग म्हणाले, बाळा, फीचर बघू नको, आधी भोकं बघ. घरात त्याला अँपिअर मोजायला लागतात का? क्वचित. मग ज्याला अँपिअरचं भोकच नाही असा मीटर घे, दोनच भोकं, एक काळं एक लाल, चूक करायची म्हणलं तरी करता येणार नाही. आणि करंट बघायचाच असेल तर पुढे कधीतरी क्लॅम्प मीटर घ्या, वायरभोवती चिमटा लावायचा, काही उघडायचं नाही, फक्त फेज किंवा न्यूट्रल एकाच वायरला लावायचा, दोन्ही धरल्या तर शून्य दाखवतो.

दुसरं त्यांनी सांगितलं ते कॅटचं, म्हणजे मीटर कुठे वापरायला सुरक्षित आहे ते सांगणारी, त्याच्यावर छापलेली श्रेणी. हे मला खरंच माहीत नव्हतं आणि मला वाटतं आपल्याकडे घरात मीटर वापरणाऱ्या बऱ्याच जणांना माहीत नसेल. कॅट टू म्हणजे प्लगला लावून वापरतो त्या वस्तू, कॅट थ्री म्हणजे घराचं फिक्स वायरिंग आणि डीबी, एमसीबी असतात ती पेटी, कॅट फोर म्हणजे बाहेरून येणारी लाइन आणि महावितरणच्या मीटरपर्यंतचा भाग. जसजसं बाहेरच्या लाइनच्या जवळ जाऊ तसतसा झटका मोठा. लाइन २३० व्होल्टचीच असते पण कुठे वीज पडली किंवा मोठी मोटर चालू-बंद झाली की क्षणभर हजारो व्होल्टचा धक्का येतो, आणि नेमकी तेव्हाच मीटरची टोकं डीबीत असली तर तो धक्का मीटरच्या पोटात आणि मीटर हातात. कॅट थ्री ६०० व्होल्ट लिहिलेला खरा मीटर सहा हजार व्होल्टच्या असल्या धक्क्याला टिकतो का ते तपासलेलं असतं. हे डीबी उघडतात ना दर पावसाळ्यात, मी दारात उभी असते तेव्हा. मग माझं ठरलं, कॅट थ्रीच्या खाली नाही.

गेल्या शनिवारी पिंपरीहून मेट्रोने मंडईला उतरले आणि चालत पुण्यातल्या विजेच्या सामानाच्या तपकीर गल्लीत. दसऱ्याच्या आधीची गर्दी, मंडईपासून झेंडूचे ढीग, आणि गल्लीत वरपासून खालपर्यंत एलईडीच्या माळा, वायरची बंडलं, हमालांच्या डोक्यावर पंख्यांचे खोके, दोन माणसं समोरासमोर आली की एकाने दुकानाच्या पायरीवर चढायचं. पहिल्या दुकानात मला सरळ वीस फंक्शनवाला दाखवला आणि साहेबांना आवडेल म्हणाले, मी कॅट विचारलं तर लिहिलंय की मॅडम त्याच्यावर. लिहिलेलं होतंच. पुढच्या दुकानात एक वयस्कर काका होते, त्यांना मी तोच प्रश्न विचारला तर त्यांनी काही न बोलता स्क्रू ड्रायव्हर घेतला आणि दोन मीटर पाठीमागून उघडून काउंटरवर ठेवले. एकात काचेचा बारीक फ्यूज, आतली तार दिसते असा. दुसऱ्यात पांढरा सिरॅमिकचा, जाडसर, आत वाळू भरलेली. मोठा शॉर्ट झाला की काचेचा फुटतो आणि आतल्या आत आर्क, म्हणजे विजेची ठिणगी, चालू राहू शकतो, वाळू तो आर्क विझवते. ताई, वर काय छापलंय ते कुणीही छापतं, आत बघायचं, म्हणाले. मला त्यांचे पाय धरावेसे वाटले.

त्यांना मी दोन भोकांचं सांगितलं. त्यांनी फ्ल्यूक कंपनीचा १०१ नावाचा मीटर काढला, तळहातात मावेल एवढा, वजन १६० ग्रॅम, कॅट थ्री ६०० व्होल्ट, आणि खाली खरंच दोनच भोकं. करंट मोजायची सोयच नाही त्यात. ते कळल्यावर बाजूचं गिऱ्हाईक म्हणालं मग काय उपयोग, याच पैशात दुसऱ्यात सगळं येतं. येत असेल. मला तेच नको होतं. शिवाय यात कपॅसिटर मोजता येतो, जे यांना पिवळ्यात जमत नव्हतं, पंखा हळू फिरतो म्हणलं की अंदाजाने कपॅसिटर बदलायचे. काकांनी स्वतःहून दोन उणिवा सांगितल्या, ट्रू आरएमएस नाही, म्हणजे घरी साधा स्क्वेअर वेव्हचा इन्व्हर्टर असेल तर त्यावरचा आकडा बरोबर येणार नाही, आणि बॅकलाइट नाही. आमच्याकडे इन्व्हर्टर नाही. घेतला, बिल नीट ठेवलं, आणि घरी आल्यावर पिठाच्या डब्यामागे लपवला.

काल पूजा झाल्यावर सासूबाईंनी बजावलं, उद्यापर्यंत हत्याराला हात लावायचा नाही. यांनी ऐकलं पण माहितीपुस्तक काढून घेतलं, पुस्तक काही हत्यार नाही म्हणाले, आणि रात्री दिवा लावून वाचत बसले. मग एकदम माझ्याकडे बघून म्हणाले, "यात अँपिअरचं भोकच नाही गं." मी म्हणलं माहितीये, म्हणूनच घेतलाय. त्यावर काही बोलले नाहीत. चष्मा काढला, पुसला, परत लावला, आणि माझा हात धरून बसले थोडा वेळ.

आज श्रीखंड-पुरी झाली, आपट्याची पानं वाटून झाली, सासूबाईंनी पाट हलवला आणि हे सुटले. घरातला प्रत्येक प्लग मोजला, फेज-न्यूट्रल, फेज-अर्थ, न्यूट्रल-अर्थ. गिझर बंद करून कॉइल मोजली, साडेसव्वीस ओहम, लगेच लेकीला कागदावर करून दाखवलं, २३० गुणिले २३० भागिले २०००, बघ, जवळपास तेवढंच येतं. हॉलमधल्या पंख्याचा कपॅसिटर काढला, आधी त्याची दोन टोकं जोडून रिकामा केला, वर लिहिलेलं अडीच मायक्रोफॅरड, भरलं १.७. दोन वर्षं मी म्हणत होते हा पंखा हळू फिरतो.

शेवटी डीबी. आमचा डीबी दाराच्या वर, कोपऱ्यात, तिथे उजेड पोचत नाही. स्टुलावर चढले आणि आकडा दिसत नाही म्हणाले. मी टॉर्च घेऊन गेले, नेहमीसारखी खाली उभी राहून उजेड धरला. "जरा डावीकडे," म्हणाले. मी डावीकडे केला. "हां. दोनशे सदतीस."