तुला म्हणून सांगतो

‘तुला म्हणून सांगतो, कुणाला बोलू नकोस.’ हे ऐकून ज्याचे कान टवकारले नाहीत असा माणूस मला अजून भेटायचा आहे. गंमत म्हणजे सांगणाऱ्यालाही ‘कुणाला बोलू नकोस’ असं आधी कुणीतरी बजावलेलं असतंच. त्या अटीमुळेच तर बातमीला वजन येतं. जी गोष्ट कुणालाही सांगायला हरकत नाही, ती ऐकायला तरी कोण थांबणार?

‘मी कुणाच्या अध्यात ना मध्यात’ म्हणणाऱ्यांची मला थोडी भीतीच वाटते. सगळ्यांचं सगळं बहुधा त्यांनाच ठाऊक असतं. उत्क्रांतीचे अभ्यासक रॉबिन डनबार यांनी १९९०च्या दशकात लोकांच्या साध्या गप्पांचं मोजमाप केलं. (म्हणजे शास्त्रासाठी का होईना, चोरून ऐकलंच.) जवळजवळ दोन तृतीयांश बोलणं आपल्या आणि इतरांच्या आयुष्यातल्या उलाढालींचं निघालं. बायका आणि पुरुष यांत फारसा फरक नव्हता. पुरुष त्याला ‘चर्चा’ म्हणतात, एवढंच. निव्वळ निंदेचा वाटा तर अगदी थोडा होता. कुणावर विसंबावं, कुणापासून जपून राहावं, हे माणूस अशा गप्पांतूनच शिकतो. त्यामुळे गप्पांशी माझं भांडण नाही.

अफवेशी आहे. गप्पांना निदान एक गैरहजर ओळखीचा माणूस लागतो. अफवेला कुणीच लागत नाही, नुसती धास्ती पुरते. गॉर्डन ऑलपोर्ट आणि लिओ पोस्टमन या मानसशास्त्रज्ञांनी १९४७ साली तिचं गणित मांडलं: विषयाचं महत्त्व गुणिले माहितीतला धूसरपणा. बेरीज नव्हे, गुणाकार. दोन्हींपैकी एक शून्य झालं की अफवा उठतच नाही.

अफवा फुगत जाते, पराचा कावळा होतो, असं आपण धरून चालतो. त्यांच्या प्रयोगात उलटंच दिसलं. एकाने चित्र पाहून दुसऱ्याला वर्णन सांगायचं, दुसऱ्याने चित्र न पाहता तिसऱ्याला. पाच-सहा तोंडं फिरेपर्यंत सुमारे सत्तर टक्के तपशील गळून गेले. म्हणजे कावळ्याचीही बहुतेक पिसं झडतात, टोच मारायला चोच तेवढी राहते. एका चित्रात गोऱ्या माणसाच्या हातात वस्तरा होता. निम्म्याहून जास्त वेळा सांगता सांगता तो वस्तरा काळ्या माणसाच्या हातात गेला. खोटं बोलायचं कुणाच्या मनातही नव्हतं. जे आधीपासून मनात होतं, तेवढं मात्र बरोबर लक्षात राहिलं.

याहून मला चटका लावते ती १५ जानेवारी १९३४च्या बिहार भूकंपानंतरची गोष्ट. मानसशास्त्रज्ञ जमुना प्रसाद यांनी तेव्हाच्या अफवा गोळा केल्या. धक्के जाणवले पण पडझड झाली नाही, अशा भागातले लोक एकमेकांना सांगत होते, याहून मोठं संकट येणार आहे. घाबरलेल्यांना धीर द्यायचा सोडून हे काय? पण आजूबाजूला सगळं धड दिसत असताना छातीतली धडधड थांबत नसेल, तर तिला काहीतरी कारण नको? ते कारण अफवेने पुरवलं. भीती आधी, बातमी मागाहून.

म्हणूनच खुलाशाला कुणी विचारत नाही. २००६ ते २०१७ या काळातल्या ट्विटरवरच्या बातम्या तपासणारा एक अभ्यास २०१८ साली आला. खऱ्या बातमीला पंधराशे लोकांपर्यंत पोचायला खोटीच्या सुमारे सहापट वेळ लागला होता, आणि खोटी पुढे ढकलण्यात यंत्रांपेक्षा माणसांचाच हात मोठा होता. आपण पसरवलेली गोष्ट खोटी निघाली, तर सांगितलेल्या प्रत्येकाला गाठून ‘ते तसं नव्हतं हं’ म्हणायला कोण जातं? त्यात ना मान, ना मजा. एखादा गेलाच, तर समोरचा जरा हिरमुसतो आणि म्हणतो, ‘असेल बाबा. पण आग असल्याशिवाय धूर निघत नाही.’