तासाभराचं काम

“तुम्ही बाळंतपणाच्या रजेवर असतानाच ऑफिसात जात होतात ना? मग बाळाला अंगावर पाजणं कसं काय जमवलंत?” हा प्रश्न मला वर्षाकाठी चार-पाच जणी तरी विचारतात. विचारणारी एक तर सातव्या-आठव्या महिन्यात असते, नाहीतर एका हाताने बाळ सावरत दुसऱ्याने टाइप करत असते. तिचं अर्धं वाक्य रात्री येतं आणि उरलेलं पहाटे. मी दर वेळी घाईघाईत काहीतरी सांगते. पंप घ्या, दूध काढून फ्रीजमध्ये ठेवा, वगैरे. ते खोटं नसतं, पण उत्तरही नसतं. तुम्ही पुन्हा विचारलंत म्हणून एकदाच नीट लिहिते.

आधी एक कबुली. मला कुणी जबरदस्तीने बोलावलं नव्हतं. मुलगी दहा आठवड्यांची असताना ऑफिसातून फोन आला. ऑडिटर आले होते, पगारपत्रकांचे जुने हिशेब मी लावून ठेवलेले, आणि त्यातली मेख दुसऱ्या कुणाला सापडत नव्हती. “तासाभराचं काम आहे, येऊन जाशील का?” मी लगेच हो म्हटलं. मला जायचंच होतं. दहा आठवडे मी दुधाचा वास येणाऱ्या कपड्यांत वावरत होते आणि ढेकर निघाला की नाही यापलीकडे कुणाशी बोलले नव्हते. ताळा जुळत नाही म्हणून कुणाला तरी माझी आठवण झाली, याचंच अप्रूप वाटलं.

तर तो तास असा गेला. नऊ वाजता तिला पाजलं. तयार झाले, निघता निघता तिने खांद्यावर गुळणी काढली, पुन्हा कपडे बदलले. जायला पाऊण तास. ऑडिटरसाहेब दुसऱ्याच टेबलावर अडकलेले, त्यांची वाट बघण्यात वीस मिनिटं. काम खरोखर तासाभराचंच होतं, पण ते संपल्यावर ‘आलीच आहेस तर’ सुरू झालं. आलीच आहेस तर ही फाइल बघ, आलीच आहेस तर साहेबांना भेटून जा. घरी पोचले तेव्हा पावणेदोन. छाती दगडासारखी टणक, कपड्यांवर दोन ओले गोल, आणि मुलगी रडून रडून झोपी गेलेली.

माझी चूक अशी की मी काम किती वेळाचं ते मोजलं. शरीराला त्या कामाचं काही पडलेलं नसतं. शेवटचं पाजणं ते पुढचं पाजणं, एवढंच ते मोजतं, आणि त्या मापाने माझा तास पावणेपाच तासांचा झाला होता.

यामागचं गणित मला नंतर कळलं. आपल्याला वाटतं, छाती म्हणजे हंडा. भरतो, रिकामा होतो, पुन्हा भरतो. तसं नसतं. दूध सतत तयार होत असतं आणि किती साचलंय त्यावर त्याचा वेग ठरतो. साचलं जास्त तर तयार होणं मंद, रिकामं झालं तर जोरात. पहिल्या दिवसांत हार्मोन्सच्या जोरावर दूध जवळपास आपोआप येतं; पुढे मात्र ते मागणीवर चालतं. एखाद्या दिवशी पाच तासांचा खंड पडला तर काही बिघडत नाही. रोज पडायला लागला की शरीर समजून जातं, एवढं नकोय, आणि हात आखडता घेतं. ‘कामावर जायला लागले आणि दूध आटलं’ असं ऐकू येतं तेव्हा मी आता पहिलं हेच विचारते की मधला वेळ किती जात होता.

दुसऱ्या खेपेला मी पंप घेऊन गेले. जागा मिळाली ती जुन्या फायलींची खोली. दाराला कडी नव्हती, म्हणून खुर्ची दाराला टेकवली आणि दाराकडे पाठ करून तिच्यावरच बसले. पंपाचा आवाज म्हणजे म्हातारा माणूस झोपेत घोरावा तसा. दहा मिनिटं झाली तरी बाटलीच्या तळाला नुसती ओल. घरी याच पंपाने ऐंशी मिलिलिटर निघायचं. बाहेर कुणीतरी चपला वाजवत आलं, थांबलं, गेलं. दर पावलाला माझे खांदे कानांकडे सरकत होते.

गोठ्यातल्या माणसांना यात नवल वाटणार नाही. परका हात लागला की गाय पान्हा चोरते. यामागे दोन हार्मोन्स असतात: दूध तयार करतं ते प्रोलॅक्टिन, आणि ते बाहेर सोडतं ते ऑक्सिटोसिन. भीती, दुखणं, संकोच यांनी हे दुसरं अडतं. म्हणजे दूध असतं, उतरत नाही. मी पंप बंद केला. बाटल्या एकमेकींवर आपटू नयेत म्हणून त्यांना मुलीचं एक झबलं गुंडाळून आणलं होतं. ते नाकाशी धरलं. आंबूस, गोडसर, तिच्या मानेच्या वळीतला वास. पंप पुन्हा लावला, डोळे मिटले. मिनिटभराने ती ओळखीची कळ आली, मुंग्या आल्यासारखी, आणि धार लागली. त्या दिवशी सत्तर मिलिलिटर निघालं. पुढे मी झबलं मुद्दाम न्यायला लागले, आणि बाटलीवर एक पायमोजा चढवायला लागले. किती आलं ते दिसलं नाही की जास्त येतं. हसू नका, करून बघा.

(आणि पंपातून कमी निघालं म्हणजे दूध कमी असं नसतं. बाळ ओढतं तेवढं पंपाला ओढता येत नाही. पंपाच्या तोंडाशी जो फनेलसारखा भाग असतो तो आपल्या मापाचा लागतो. माझा मोठा होता, हे मला सोललं गेल्यावर कळलं.)

इकडे घरी माझी आई होती. पहिल्या दिवशी तिच्याजवळ एकाच बाटलीत १८० मिलिलिटर दूध ठेवून गेले होते. मुलीने चाळीस पिऊन तोंड फिरवलं. बाकीचं ओतून द्यावं लागलं, कारण बाळाने तोंड लावलेलं दूध दोन तासांत संपलं नाही तर टाकायचं असतं. आठवडाभर पहाटे उठून जमवलेलं दूध मोरीत गेलं आणि मी हमसाहमशी रडले. आई बाटली विसळता विसळता म्हणाली, “अगं, मग थोडं थोडं वेगळं का नाही ठेवत?” तेव्हापासून साठ-साठच्या बाटल्या. हिशेब लावणारी मी, पण हे तिला सुचलं.

किती ठेवून जायचं, हे सगळ्याच विचारतात. पहिल्या महिन्यानंतर सहा महिन्यांपर्यंत अंगावर पिणारं बाळ दिवसाला सरासरी ७५० ते ८०० मिलिलिटर पितं, आणि वजन वाढत गेलं तरी हा आकडा फारसा वाढत नाही. तासाला तीस-चाळीस धरा. पाच तास बाहेर असाल तर दोनशेच्या आत भागतं. फ्रीझर भरभरून रचलेल्या दुधाच्या पिशव्यांचे फोटो बघून मी उगाच खचले होते. अधूनमधून जाणाऱ्या बाईला पुढच्या खेपेपुरतं दूध पुष्कळ झालं. ते मी पहाटेच्या पाजण्यानंतर काढायचे. रात्री प्रोलॅक्टिन जास्त असतं, त्यामुळे त्या वेळी मुलीचं पोट भरूनही तीस-चाळीस सहज निघायचं.

साठवणीचे आकडे लक्षात ठेवायला सोपे आहेत. ताजं काढलेलं दूध २५ अंशांपर्यंतच्या खोलीत चार तास, फ्रीजमध्ये चार दिवस, डीप फ्रीझरमध्ये सहा महिने उत्तम. गोठवलेलं फ्रीजमध्ये वितळवलं की २४ तासांत संपवायचं, परत गोठवायचं नाही. मायक्रोवेव्ह नको, त्यात एक घोट कोमट तर दुसरा चटका देणारा होतो. वर सायीसारखा थर आला तर नासलं म्हणून ओतू नका. बाटली हलकेच फिरवली की मिसळतो.

एक गोष्ट मात्र मला कुणीच सांगितली नव्हती. मी नसले की मुलगी मोजकंच प्यायची, जेमतेम तहान भागण्यापुरतं, आणि मी आल्यावर त्याची वसुली रात्रभर करायची. दहा, बारा, दीड, तीन, साडेचार. पुष्कळ बाळं असं करतात आणि त्यात काळजीचं काही नाही, पण मग तासाभराच्या कामाच्या खर्चात ती रात्रही धरावी लागते.

तिसऱ्या खेपेनंतर उजव्या बाजूला गाठ आली. जो तो म्हणाला, जोरात चोळ, शेकून घे, पूर्ण रिकामं कर. मी इमानदारीत केलं आणि दुसऱ्या दिवशी तिथे लाल चट्टा आला. जुना सल्ला तसाच होता. ‘अकॅडमी ऑफ ब्रेस्टफीडिंग मेडिसिन’ या स्तनपानावर काम करणाऱ्या डॉक्टरांच्या संघटनेने २०२२ मध्ये आपला सल्ला बदलला: रगडायचं नाही, नेहमीपेक्षा जास्त दूध काढायचं नाही, कारण जास्त काढलं की जास्त तयार होतं आणि सूज वाढते. थंड पट्टी ठेवायची, नेहमीसारखं पाजत राहायचं. ताप आला किंवा दिवसभरात उतार पडला नाही तर डॉक्टर. पाजणं बंद करायचं कारण नसतं.

“मग घरूनच मीटिंग केली तर?” हाही प्रश्न ठरलेला. केली. कॅमेरा बंद, माइक बंद, मुलगी मांडीवर. तिने ओढायला सुरुवात केली आणि नेमकं कुणीतरी माझं नाव घेतलं. मी ताठ झाले, पान्हा थांबला, ती किंचाळली, मी गडबडीत माइक चालू केला. त्या मीटिंगला असलेल्या सगळ्यांना माझ्या लेकीचा आवाज अजून आठवत असेल. घरूनच्या मीटिंगला प्रवास वाचतो हे खरं. पण आधी पाजून मोकळं व्हायचं आणि मग बसायचं, एकाच वेळी दोन्ही नाही.

चौथ्यांदा फोन आला तेव्हा मी अटी घातल्या. दहाला सुरू, साडेबाराला मी निघणार; उशिरा सुरू झालं तरी साडेबाराच. कडी असलेली खोली. आणि जेवढे दिवस आले तेवढे पूर्ण दिवस रजेत परत मिळायला हवेत. पहिल्या दोन अटी मान्य झाल्या. तिसरीवर पलीकडून हसण्याचा आवाज आला. “एवढं काय, तासाभराचं तर काम असतं.”

हे काही माझ्या डोक्यातून निघालेलं खूळ नव्हतं. ब्रिटनमध्ये रजेवरच्या आईला रजा न मोडता दहा दिवसांपर्यंत काम करता येतं, तेही दोन्ही बाजूंची तयारी असेल तरच. आणि तिथला नियम असा की त्या दिवशी तासभर काम केलं तरी दहातला एक अख्खा दिवस खर्ची पडतो. तो नियम लिहिणाऱ्याच्या घरी तान्हं बाळ असणार, असं मला उगाचच वाटतं. पाजण्यासाठीची सुट्टी तर त्याहून जुनी गोष्ट. आंतरराष्ट्रीय श्रम संघटनेच्या १९१९ च्या पहिल्याच परिषदेत मातृत्वाचा करार झाला. त्यात बाळंतपणानंतरचे सहा आठवडे काम नाही, आणि पुढे कामावर असताना पाजण्यासाठी दिवसातून दोनदा अर्धा अर्धा तास, असं लिहिलेलं आहे. २००० सालच्या करारात तर हा वेळ कामाचाच धरायचा आणि त्याचा पगार द्यायचा असंही आहे. माझ्या साहेबांना मी हे तेव्हा सांगू शकले नाही, कारण तेव्हा मलाच ठाऊक नव्हतं. ते दिवस मला परत मिळाले नाहीत. चौथी खेप झाली, साडेबाराला उठले, पावणेदोनऐवजी सव्वाला घरी होते, मुलगी जागी होती.

परवा एकीने विचारलं, तिचं बाळ सात आठवड्यांचं आहे, कामावरून तासाभरासाठी बोलावलंय, जाऊ का? मी जा किंवा जाऊ नको असं काहीच म्हटलं नाही. म्हटलं, निघण्याआधी शेवटचं किती वाजता पाजशील आणि परत आल्यावर पहिलं किती वाजता, ते सांग. ती थोडा वेळ गप्प होती, बोटांवर मोजत असावी. “साडेपाच तास,” म्हणाली. संध्याकाळी तिचा निरोप आला: तेच काम आता फोनवर होणार होतं, वीस मिनिटांत, आणि वेळ तिने ठरवली होती.