खरं जग झेपत नाही का?

तुम्ही विचारलंत म्हणून सांगते. लग्नाच्या पंगतीत, ऑफिसात डबा खाताना, परवा तर घर रंगवायला आलेल्या माणसानंही विचारलं: पन्नाशी उलटली तरी अजून हे ड्रॅगन आणि चेटूक वाचायचं? जवळची माणसं त्यामागचा खरा प्रश्न विचारतात: खरं जग झेपत नाही का तुला?

पूर्वी माझं उत्तर तयार असायचं. 'लॉर्ड ऑफ द रिंग्ज' लिहिणारा टोल्कीन १९१६ साली, पहिल्या महायुद्धात, सोमच्या लढाईत होता, जिवाभावाचे मित्र त्यानं त्या युद्धात गमावले, त्याला वास्तव शिकवू नका. शिवाय हे सगळं रूपक असतं, अंगठी म्हणजे सत्ता, वगैरे. तिशीतली मी हे फार ऐटीत सांगायची. आता तिचा राग येतो. रूपक म्हटलं की चारचौघांत इभ्रत राहते, तिला तेवढंच हवं होतं. खुद्द टोल्कीननं रूपककथा आपल्याला आवडत नाहीत असं लिहून ठेवलंय, ते ती सोयीस्करपणे गाळायची. 'चांदोबा'त शंकर यांनी काढलेला विक्रम, हातात तलवार, खांद्यावर प्रेत, बघताना 'हे कशाचं प्रतीक बरं' असं कुठल्या पोराच्या मनात आलं होतं? 'तुंबाड' सिनेमात कणकेच्या बाहुलीवर झेपावणारा हस्तर म्हणजे माणसाची हाव, असं मैत्रीण म्हणाली. असेल. मी आधी घाबरले.

हा प्रश्न मला झोंबतो त्याचं कारण वेगळं आहे.

बाबा आयसीयूत होते. बाहेरच्या बाकावर मी ले ग्विनची 'द फार्देस्ट शोअर' ही जादूगारांची कादंबरी वाचत होते. त्यात मेलेल्यांच्या देशाला दगडांची एक बुटकी भिंत आहे, कुणीही सहज ओलांडेल एवढी. पलीकडे शिक्षा नाही, छळ नाही. गावं आहेत, रस्ते आहेत, आणि प्रेमापायी जीव दिलेली माणसं एकमेकांसमोरून नुसती निघून जातात. मी त्या पानांवर होते तेव्हा काकांनी पुस्तक माझ्या हातातून काढून घेतलं. सगळ्या नातेवाइकांसमोर. "बाप आत मरतोय आणि तू जादूगार वाचतेस?" मी काहीच बोलले नाही. पुस्तक त्यांनी डब्याच्या पिशवीत, आमटीच्या डब्याखाली कोंबलं.

दोन दिवसांनी बाबा गेले. मग घरी रोज संध्याकाळी गुरुजी गरुडपुराण वाचू लागले. यमपुरीची वाट शहाऐंशी हजार योजनं. वाटेत सोळा नगरं. शंभर योजनं रुंद वैतरणी, पू आणि रक्तानं भरलेली, दान दिलेल्या गाईच्या आधारानं ओलांडायची. हिशेबाची वही घेऊन बसलेला चित्रगुप्त. काका हात जोडून ऐकत होते. पळपुटेपणा हा शब्द त्या खोलीत कुणाच्या मनातही आला नसेल. आणि मी? सांगायला लाज वाटते, पण मी कान टवकारून ऐकत होते. सोळा नगरांचा नकाशा मिळाला तर, असं वाटत होतं. सुतकात.

वर्षभरानं हे काकांना बोलून दाखवलं. म्हटलं, तुमच्या पोथीत आणि माझ्या पुस्तकात फरक काय? ते चिडले नाहीत. म्हणाले, "त्या वाटेवर मला दादा दिसत होता. तुला नकाशा दिसत होता."

याचं उत्तर मला आजही देता आलेलं नाही. त्यांची श्रद्धा आहे, माझी नाही. ना वैतरणीवर, ना त्या दगडी भिंतीवर. श्रद्धा नसताना या जगांत रमणं हा नुसता शौक आहे, असं ते म्हणाले तर मी वाद घालेन, पण जिंकेनच असं नाही.

फक्त एवढंच, की बाकावर बसून त्या बुटक्या भिंतीपाशी मला बाबा दिसत नव्हते हे काकांना कुणी सांगितलं? दिसत होते. आणि काही पानं दिसतही नव्हते. तेवढा वेळ 'पेशंटचे नातेवाईक कोण' हा पुकारासुद्धा ऐकू यायचा नाही, आणि तेच मला हवं होतं. त्याला पळ म्हणायचं तर म्हणा, पण आधी त्या बाकावर एक रात्र काढून या.