कुत्री थांबली होती

ऑक्टोबरातला शिकारीचा रविवार आणि दक्षिण फ्रान्समधल्या कॉसच्या, म्हणजे चुनखडीच्या पठारावरचा दिवस एकत्र आणू नका, हे मी आमच्या मालकाला पहिल्या सीझनपासून सांगत आले आहे. ऑक्टोबरात हॉटेलं स्वस्त पडतात, त्यामुळे माझं सांगणं या कानातून त्या कानात जातं.

मी मूळची नाशिकची. नवरा तुलूजला विमानाच्या कारखान्यात आहे आणि मी माउंटन बाइकच्या सहली काढणाऱ्या एका छोट्या कंपनीत मेकॅनिक आहे. घरच्यांना वाटतं मी दिवसभर गटाबरोबर सायकल हाणते. तसं नाही. फ्रान्समध्ये पैसे घेऊन लोकांना डोंगरवाटेवर सायकलने न्यायचं तर सरकारमान्य पदविका आणि ओळखपत्र लागतं. ते आमच्या गाइडकडे आहे. माझ्याकडे व्हॅन, ट्रेलर आणि अवजारांची पेटी. सकाळी हॉटेलातून बॅगा उचलायच्या, ठरलेल्या जागी जाऊन थांबायचं, काय मोडलं असेल ते जोडायचं, संध्याकाळी सगळ्या सायकली धुवायच्या. निम्मा पगार वाट बघण्याचाच.

आमचा शरद ऋतूतला मार्ग सेले नदीच्या खोऱ्यातून जातो. फिजाकहून निघून मार्सियाक, काब्रेरे, मग बूझिएसला सेले जिथे लॉत नदीला मिळते तिथून सँ-सिर-लापोपी आणि शेवटी काओर. माहितीपत्रकात सगळं सुरेख छापलेलं आहे: फिजाक म्हणजे चित्रलिपी उलगडणाऱ्या शाँपोल्योंचं जन्मगाव, मार्सियाकचा पडका मठ, कड्याच्या पोटात बांधलेले 'इंग्रजांचे किल्ले', पेश-मेर्लच्या गुहेतले सुमारे 29 हजार वर्षांपूर्वीचे ठिपकेवाले घोडे, होड्या ओढणाऱ्यांसाठी बूझिएसला खडक कापून काढलेली नदीकाठची वाट, काओरचा 1308 साली बांधायला घेतलेला पूल. हे सगळं खरं आहे आणि बघण्यासारखं आहे. पण खरी सायकल चालते ती वर, पठारावर.

हे पठार म्हणजे निव्वळ चुनखडी. पाणी ठरत नाही, माती वीतभर, त्यावर खुरटे ओक. आणि जिकडे बघावं तिकडे रचीव दगडी गडगे. पाहुणे विचारतात, एवढ्या जंगलात एवढ्या भिंती कशाला? कारण तेव्हा जंगल नव्हतंच. द्राक्षमळे होते, मेंढ्यांची कुरणं होती. 1870 नंतर फिलॉक्सेरा किडीने वेली खाल्ल्या, माणसं शहराकडे गेली, मळ्यांत ओक आणि बॉक्स नावाची सदाहरित झुडपं माजली. राहिल्या त्या दोन गडग्यांमधल्या मळेवाटा, ज्यांवर आज आमचे पाहुणे बाराशे, पंधराशे युरो भरून सायकल चालवतात. आणि राहिली ती रानडुकरं. 1970 च्या दशकाच्या सुरुवातीला फ्रान्सभरात वर्षाला पन्नास हजारही डुकरं मारली जात नव्हती. आता हा आकडा 8 लाखांच्या वर गेलाय. माणसांनी सोडलेली जमीन आम्हाला आणि डुकरांना एकदमच आवडली.

त्या रविवारी सहा जणांचा गट होता. त्यात बेल्जियमहून आलेले एक निवृत्त वकील. स्वतःची इलेक्ट्रिक माउंटन बाइक घेऊन आलेले, चोवीस किलोचं धूड. त्यांना मी वकीलसाहेबच म्हणेन.

पाहुण्यांनी स्वतःची सायकल आणली की माझ्या पोटात गोळा येतो, आणि त्याचं कारण हँगर. मागचा डिरेलर, म्हणजे गिअर बदलताना चेन सरकवणारा भाग, फ्रेमला थेट बसत नाही. मध्ये ॲल्युमिनियमचा बोटभर तुकडा असतो, तो हँगर. तो मुद्दामच कमजोर करतात, म्हणजे दगड लागला की तो मोडावा आणि फ्रेम वाचावी. कल्पना उत्तम. पण दर कंपनीचा, दर मॉडेलचा हँगर वेगळा. हल्ली सगळ्यांना चालेल असा एक आकार आलाय, पण जुन्या सायकलींना त्याचा उपयोग नाही. आमच्या भाड्याच्या सायकलींचे हँगर मी नावं लावून डबीत ठेवते. पाहुण्यांच्या सायकलींसाठी बुकिंगच्या फॉर्मवर मॉडेल विचारा, एक रकाना वाढवा, असं मी कितीदा म्हटलंय. फॉर्मवर आहार विचारतात, ॲलर्जी विचारतात, टी-शर्टचा साइझ विचारतात. हँगर नाही.

मार्सियाकहून चढून ब्लार, तिथून पठारावरून ऑर्न्याक, मग काब्रेरेला उतार असा बेत होता. मी ऑर्न्याकला जाऊन थांबले. बाराच्या सुमारास गाइडचा मेसेज आला. वाटेत शिकारीचा फलक लागला होता, म्हणून गटाला तो डांबरी रस्त्याने फिरवून आणत होता. 'एक जण ऐकला नाही. जुन्याच वाटेने एकटा येतोय. तुझ्याकडे पोचेल.'

तो एक जण कोण हे विचारायची गरज नव्हती.

नंतर कळलं ते असं. फलकापाशी वकीलसाहेबांनी गाइडला कायदा सांगितला. फलक म्हणजे इशारा. सार्वजनिक वाट बंद करायचा अधिकार महापौराला किंवा जिल्ह्याच्या प्रिफेक्टला (आपल्याकडचा कलेक्टर म्हणा), तोही लेखी आदेशाने. शिकाऱ्यांना नाही. आणि हे शब्दशः बरोबर आहे. हाक्याच्या शिकारीत फलक लावणं आणि भडक रंगाचं जॅकेट घालणं शिकाऱ्यांना 2019 च्या कायद्याने सक्तीचं झालं. त्याच्या आदल्या वर्षीच्या ऑक्टोबरात आल्प्समध्ये मोंत्रियोंला एक माउंटन बाइकवाला शिकाऱ्याच्या गोळीने गेला होता. तरी डिसेंबर 2020 मध्ये आमच्याच लॉत जिल्ह्यात, काल्वीन्याकला, घराजवळ लाकडं तोडत असलेला पंचवीस वर्षांचा मुलगा डुक्कर समजून मारला गेला. इथल्या घरांच्या भिंतींवर त्यानंतर किती दिवस घोषणा होत्या. म्हणजे वकीलसाहेब जे बोलत होते ते हवेत नव्हतं. 'आपण वळलो की वाट त्यांची झाली,' असं ते गाइडला म्हणाले. गाइडपुढे पाच जण दुसरे होते. त्याने त्यांना निवडलं. मालक आजही त्याला दोष देतो. मालक त्या दिवशी तुलूजला घरी होता.

त्या वाटेने ऑर्न्याकला यायला पाऊण तास पुरतो. दीड वाजला. पाऊस सुरू झाला. फोन लागेना, पण त्या खोऱ्यात तो बहुतेक ठिकाणी लागतच नाही. मी व्हॅन काढून ब्लारच्या रस्त्याने मागे निघाले.

रस्त्याच्या कडेला नारिंगी जॅकेटमधला एक शिकारी रस्त्याकडे पाठ करून उभा होता. त्यांची रीत तशीच आहे, बंदूक रस्त्याच्या दिशेला येताच कामा नये. मी उतरले तर मान न वळवता म्हणाला, "रस्ता चुकलात का, ताई?" व्हॅनमधून बाई उतरली म्हणजे रस्ताच विचारणार.

"आमचा एक सायकलवाला तुमच्या हाक्यात आहे," मी म्हटलं.

मग मान वळली. पण पाय हलले नाहीत. हाका संपल्याचं शिंग वाजेपर्यंत कुणी जागा सोडायची नाही हा त्यांचा पहिला नियम, आणि त्या क्षणी मला त्याचा राग आला तरी नियम शहाणपणाचा आहे. त्याने वायरलेसवर म्होरक्याला सांगितलं. पलीकडून एकच प्रश्न आला, "अंगात काय आहे?"

"काळं जॅकेट," मी म्हटलं.

फ्रेंच शिव्या मला आता बऱ्याच कळतात. पिवळी जॅकेटं व्हॅनमध्ये घडी घातलेली पडली होती. सकाळी मी सगळ्यांपुढे धरली होती. फोटोत वाईट दिसतात म्हणून कुणी घेत नाही.

शिंग वाजलं. एकाचं ऐकून दुसऱ्याने वाजवलं, मग लांब कुठेतरी तिसऱ्याने. पावसात तो आवाज टेकडीमागे जाताना ऐकू येत होता. जवळच्या शिकाऱ्याने बंदुकीतली काडतुसं काढून खिशात टाकली, नळी उघडी ठेवली आणि मगच माझ्याशी धड बोलला.

म्होरक्या जीप घेऊन आला. सत्तरीचा, लहान चणीचा, कानावर पेन. त्याच्याकडे हाक्याची वही, तिच्यात सगळ्यांची नावं आणि सह्या, आणि हातात कुत्र्यांच्या पट्ट्यांचं जीपीएस. त्या पडद्यावर प्रत्येक कुत्र्याचं नाव दिसतं, ते पळतंय की थांबलंय ते दिसतं, भुंकतंय का तेही. चार नावं एकाच जागी गोळा झाली होती. थांबून भुंकत होती.

"डुक्कर कोंडलं की असं दिसतं," तो म्हणाला. मग जरा थांबून, "माणूस कोंडला तरी असंच दिसेल. आजवर बघितलं नव्हतं."

कोंडलेलं डुक्कर कुत्र्यांना फाडतं, म्हणून अशा वेळी हाकेवाल्यांपैकी एक जण बंदूक घेऊन आत जातो आणि जवळून काम संपवतो. तो माणूस निघालेला होता. शिंग वाजलं तेव्हा तो बॉक्सच्या झुडपांत शिरलेला होता.

आम्ही दगडी कुंपणं चढत गेलो. या पठारावर मेंढपाळांच्या गोल झोपड्या आहेत, चुना-मातीशिवाय नुसते दगड आत आत सरकवत छत मिटवलेल्या. पावसापासून आडोसा म्हणून वकीलसाहेब त्यातल्या एकीत शिरले होते आणि दारात सायकल आडवी घातली होती. बाहेर चार कुत्री चिखलाने माखलेली, आवाज बसेपर्यंत भुंकणारी. आत ते दगडावर बसलेले, दोन्ही हातांनी सायकलची फ्रेम धरून. डिरेलर मागच्या चाकाच्या तारांत लोंबत होता. हँगर मोडला होता, ब्लारपासून दोन किलोमीटरवर. चोवीस किलो त्या दगडांतून ढकलणं त्यांना झेपलं नव्हतं.

तो हाकेवाला बाजूला उभा होता, तिशीचा असेल. बंदूक उघडी, खांद्यावर. मला म्हणाला, "काळं काहीतरी हललेलं दिसलं. मी बंदूक उचलली नव्हती." कुणी विचारलं नव्हतं. थोड्या वेळाने तेच त्याने म्होरक्याला सांगितलं.

मी कामाला लागले, कारण ते मला येतं. हँगर ठरलेल्या जागीच मोडला होता, ॲक्सलचे आटे शाबूत होते, म्हणजे चाक धरणार होतं. डिरेलर काढला, केबल गुंडाळली, चेन तोडून आखूड केली. मागे सस्पेन्शन असलं की इथे घोळ होतो. बसल्यावर मागचं चाक सरकतं आणि चेन ताणते. म्हणून वकीलसाहेबांना सीटवर बसवलं, दोघा शिकाऱ्यांना सायकल धरायला लावली आणि दबलेल्या स्थितीत माप घेतलं. मागच्या मधल्या दातेरी चक्रावर चेन सरळ बसवली. एकच गिअर, पण मोटर धडधाकट. पावसात, हँगरशिवाय, वीस मिनिटांत. हे मी सांगणारच, कारण आमच्या ऑफिसात कुणी विचारलं नाही.

जीपपाशी कॉफी निघाली, तीत प्लमची जुनी दारू. वकीलसाहेबांच्या हातातला कप हिंदकळत होता, पण पहिला घोट गेल्यावर ते म्हणाले, "ही सार्वजनिक वाट आहे."

"हो," म्होरक्या म्हणाला.

त्यावर साहेबांकडे पुढचं वाक्य नव्हतं. म्होरक्याच बोलत राहिला. इथे सगळा दगड, गोळी मातीत शिरत नाही, कुठेही उडते, म्हणून आम्ही खुणेच्या काठ्या रोवून शेजारच्या शिकाऱ्याच्या बाजूचा तीस अंशांचा कोन गोळी न झाडता सोडून देतो. शेतकऱ्याचा मका डुकरांनी नासला तर भरपाई शिकाऱ्यांच्या संघटनेच्या खिशातून जाते. त्याच्या गटात आता बहुतेक पेन्शनवाले. मारलं नाही तरी गाव बोलतं, मारलं तरी तुम्ही बोलता. सगळं ऐकून साहेब म्हणाले, "हे सगळं मान्य करूनही तुमच्या माणसाने मला गोळी घातली असती."

म्होरक्याने नाही म्हटलं नाही. वहीत त्याने वेळ लिहिली आणि शिकार त्या दिवसापुरती बंद केली. डुकरं कुठे गेली कोण जाणे.

मी यात अजून अडकलेय ते इथेच. वकीलसाहेब चुकले असं मला म्हणता येत नाही. रविवारी जंगलात जायला बंदूकवाल्याची परवानगी का लागावी? आणि शिकारी बेफिकीर होते असंही म्हणता येत नाही. फलक, वही, शिंग, जॅकेट, कोन, सगळं जागेवर होतं. सगळं जागेवर असूनही त्या पडद्यावर माणूस आणि डुक्कर एकसारखे दिसत होते. मी व्हॅनमध्ये आणखी दहा मिनिटं सँडविच खात बसले असते तर काय, हा हिशेब रात्री चालू होतो.

साहेबांनी अर्ध्या दिवसाचे पैसे परत मागितले, मालकाने दिले. रविवारचा बेत बदलून आता बूझिएसची नदीकाठची वाट ठेवलीय. तिथे चालणाऱ्यांची इतकी गर्दी असते की सायकल हातात धरून चालावं लागतं. फॉर्ममध्ये रकाना अजून नाही.

म्होरक्या दर शनिवारी संध्याकाळी मला फोनवर कळवतो, उद्या कुठली टेकडी. त्याने उलट आमचे मार्ग मागितले होते. मालक म्हणाला, मार्ग ही धंद्यातली गुपितं, बाहेर द्यायची नाहीत. मी दर शनिवारी पाठवते. मालकाला मराठी येत नाही, म्हणून इथे लिहायला हरकत नाही.