यादी उघडली की ओळ पळते

इमॅक्स या मजकूर लिहिण्याच्या प्रोग्रॅममध्ये मराठी शब्द सुचवणारी एक छोटी सोय मी सांभाळते. दोन-तीन अक्षरं टाइप केली की यादी उघडते, त्यातून शब्द उचलायचा. सदाशिव पेठेतले एक मुद्रितशोधक काका ती रोज वापरतात. त्यांचा फोन आला, "अगं, यादी उघडली की माझी ओळ पळते. डोळा ठेवलेली ओळ तुझ्या प्रोग्रॅमनं हलवायची नाही." तक्रार कसली, आदेशच! पण बिनतोड.

कोथरूडला माझ्या लॅपटॉपवर ओळ जागची हलेना. मग त्यांची फाइल मागवली. लेटेक या पानं जुळवायच्या प्रणालीची फाइल, म्हणजे कमांडच्या ओळी रोमन आणि मजकूर मराठी. कर्सर खिडकीच्या तळाशी नेला आणि ओळ टुणकन मध्यावर गेली.

खाली जागा नसली की यादी वरच्या बाजूला उघडते. ती ओव्हरलेनं काढलेली असते, म्हणजे वरच्या ओळी तेवढ्यापुरत्या झाकून त्यांच्या जागी शब्द दाखवायचे. आठ ओळी झाकल्या, आठ शब्द दाखवले, हिशेब चोख वाटतो. पण देवनागरीसाठी इमॅक्स वेगळा फॉन्ट घेतो आणि त्याची ओळ बहुधा रोमन ओळीपेक्षा उंच असते. आठ रोमन ओळींच्या जागी आठ मराठी शब्द आले की खालचं सगळं थोडं सरकतं, कर्सरची ओळ खिडकीबाहेर जाते. कर्सर दिसलाच पाहिजे हा इमॅक्सचा दंडक; आणि स्क्रोल-कन्झर्व्हेटिव्हली ही सेटिंग शून्यावर असेल (मुळात असतेच) तर इमॅक्स ती ओळ थेट मध्यावर आणून बसवतो. यादी मिटली तरी पान परत जात नाही.

यावरचा सोपा उपाय म्हणजे खिडकीची सुरुवात आधी लक्षात ठेवायची आणि नंतर सेट-विंडो-स्टार्ट या फंक्शननं परत लावायची. मला तो पटत नाही. त्या सुरुवातीला कर्सर दिसत नसेल, तर इमॅक्स कर्सरच उचलून दुसरीकडे ठेवतो. काकांची ओळ वाचेल, पण पुढचं अक्षर भलतीकडे पडेल. मुद्रितशोधकासाठी हे दुखणं पहिल्यापेक्षा वाईट.

म्हणून ओव्हरले काढूनच टाकला. २०१८ साली आलेल्या इमॅक्स २६ पासून चाइल्ड फ्रेम, म्हणजे मुख्य खिडकीवर उघडणारी छोटी खिडकी, मिळते. ती मजकुरावर तरंगते, खालच्या एकाही ओळीची उंची बदलत नाही. जागा मात्र पिक्सेलमध्येच मोजावी लागते. खिडकीची उंची सांगणारं विंडो-बॉडी-हाइट हे फंक्शन एरवी ओळींत उत्तर देतं आणि ती ओळ फ्रेमच्या मूळ फॉन्टची, मराठीची नव्हे. कर्सरचा पत्ता पोझन-ॲट-पॉइंट या फंक्शनकडून घेतला, त्यात ओळीची खरी उंची मिळवली. टर्मिनलसाठी (इमॅक्स नुसत्या अक्षरांच्या खिडकीत चालतो तेव्हा) ओव्हरलेच राहू दिला, कारण तिथे सगळ्या ओळी एकाच उंचीच्या, त्यामुळे हा घोळच होत नाही.

काकांनी तळाशी, मध्ये, उभी खिडकी करून, सगळीकडे तपासलं. "आता ओळ हलत नाही," म्हणाले आणि लगेच, "पण उजव्या कडेला लांब शब्द कापला जातो." जातो खरा. त्याला अजून हात लावलेला नाही.